मोईजभाई आणि न विसरणारी मेमरी

मोईज सत्तार मण्यार यांना दिपमालाने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वारले आहेत, अशी तिची पक्की समजूत झाली.

तिचा काही दोष नव्हता. जळगावातली मे महिन्याची दुपार होती. ऊन असं, की कावळे उडायचं सोडून शेअर रिक्षाची वाट बघत होते. डांबर चपलेला चिकटून पुढच्या चौकापर्यंत सोबत येत होतं. फळवाल्याने सकाळी मांडलेली हिरवी केळी दुपारी पिकली होती आणि आता सालीच्या आतच त्यांचं शिकरण व्हायला लागलं होतं. अशा उन्हात जळगावची शहाणी मुलगी जशी बाहेर पडते तशी दिपमाला बाहेर पडली होती. डोकं, कपाळ, नाक, तोंड, मान सगळं रुमालात गुंडाळलेलं, वर काळा गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे. एमआयडीसीतल्या एका गल्लीत तिने मुलाखतीचा पत्ता शोधून काढला, दार ढकललं आणि ती जागीच थिजली.

आत काळोख. एक कूलर रडत होता. त्याच्यासमोर फरशीवर एक अवाढव्य देह उताणा पडला होता. तोंडावर पांढरा ओला टॉवेल, दोन्ही हात पोटावर जुळवलेले. उशाला लॅपटॉप.

"अहो... कुणी आहे का?" दिपमालाने दारातूनच विचारलं.

"दार लाव," टॉवेलखालून देह म्हणाला. "गार हवा बाहेर जातेय. मुलाखतीला आलीस ना? एकच विचारतो. प्रोसेसर म्हणाला 'लिहिलं', म्हणजे मेमरीत लिहिलं गेलं का?"

"नाही."

"मग?"

"म्हणजे लिहिणार आहे. कधीतरी."

टॉवेल झटकन बाजूला झाला. उमेदवार बघावी म्हणून मोईजभाईंनी डोळे उघडले, तर समोर नखशिखांत गुंडाळलेली, चेहरा नसलेली, काळ्या गॉगलची आकृती उभी. ते असे किंचाळले, की वरच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीत बसलेल्या माणसाचा दुखरा दात भुलीच्या इंजेक्शनाशिवाय आपोआप निखळला. तो माणूस अजून त्या गल्लीत कृतज्ञतेने डोकावून जातो म्हणतात. दिपमालाला नोकरी मिळाली.

नोकरी होती योगराजभाऊंच्या छोट्याशा कंपनीत. ही कंपनी गिरण्यांच्या यंत्रांना डोकं बसवून देते. कापसाचं जिनिंग, डाळीची गिरणी, तेलाचा घाणा, जे मिळेल ते. दिपमालाचं काम ड्रायव्हर लिहिण्याचं. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचं लोखंड आणि संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातला मध्यस्थ. लग्नघरात दोन्हीकडच्यांना एकमेकांचं म्हणणं समजेल अशा भाषेत सांगणारा एक मामा असतो, तसा. अमळनेरजवळच्या खेड्यात कापूस आणि वांगी पिकवणाऱ्या अभिमन आबांच्या या मुलीला कॉलेजपासून हेच करायचं होतं. पुण्याच्या कंपनीने तिला दीड वर्ष कपड्यांच्या दुकानाची वेबसाइट रंगवायला बसवलं. ते सोडून ती परत आली. योगराजभाऊंनी आधीच स्पष्ट सांगून टाकलं होतं.

"ताई, आपल्याकडे ड्रायव्हरचं हे पहिलंच मोठं काम. दोंडाईच्याच्या सुनंदाअक्कांचं जिनिंग. तिथे चाललं, तर तुम्ही कायम. नाही चाललं, तर हे टेबल बंद, आणि तुम्ही दुकानांच्या बिलांच्या सॉफ्टवेअरवर."

बिलांचं सॉफ्टवेअर म्हणजे पुन्हा दुकान. दिपमालाला त्या शब्दानेच घाम फुटायचा.

तिच्यावर देखरेख करायला मोईजभाई. त्यांचे वडील सत्तारभाई धुळ्यात बांगड्या विकायचे. मुलगा हैदराबादला मोठ्या कंपनीत बारा वर्षं ड्रायव्हर लिहून आला. परत का आला, याची कारणं ते माणूस बघून सांगत. योगराजभाऊंना सांगितलं, मातीची ओढ. दिपमालाला सांगितलं, "तिकडच्या बिर्याणीने माणूस सुखी होतो बेटा, पण शेवभाजी नाही मिळत." त्यांची बायको तबस्सुमभाभी उर्दू शाळेत शिकवतात. त्या म्हणतात, हैदराबादला घर चौथ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद पडली, एवढंच कारण.

आता सुनंदाअक्कांचं काम. जिनिंगच्या प्रेसमध्ये सरकी काढलेला कापूस दाबून त्याची गाठ बांधतात. दाबताना वजन, ओलावा, दाब यांचे आकडे सेन्सरमधून धो धो येत असतात. गाठ पुरी झाली की तिला क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांकच तिचं आयुष्यभराचं नाव. मधेच वीज गेली तर यंत्राने उठल्यावर सांगायचं, की कुठल्या गाठीवर होतो. यासाठी योगराजभाऊंनी एक खास मेमरी आणली होती. ती नेहमीच्या मेमरीसारखी चपळ, पण वीज गेली तरी काही न विसरणारी.

मग अडचण काय? अडचण अशी, की प्रोसेसर कुठलीही गोष्ट सरळ मेमरीत ठेवत नाही. आधी तो आपल्या खिशात ठेवतो. त्या खिशाला कॅश म्हणतात. पैशांचा संबंध नाही. वीज गेली की मेमरी शाबूत, खिसा साफ. म्हणून ड्रायव्हरला ठरवावं लागतं, की या मेमरीशी प्रोसेसरने कुठल्या पद्धतीने वागायचं.

ही पद्धत निवडणं मोईजभाईंच्या दृष्टीने इंजिनिअरच्या आयुष्यातला सोयरीक जमवण्याच्या खालोखाल महत्त्वाचा निर्णय होता. ते सगळं खाण्यातून समजावत.

"समज, गच्चीवर ज्वारीचे बिबडे घालतायत. खाटेवर घातले, वाळले, संध्याकाळी सगळे गोळा करून डब्यात भरले. ही झाली एक पद्धत. काम भराभर. पण मधेच वावटळ आली तर? खाटेवरचे गेले, डब्यातले राहिले. दुसरी पद्धत, एक बिबडा केला की लगेच डब्यात."

"ओला बिबडा डब्यात ठेवला तर बुरशी येईल, मोईजभाई."

"उपमेला बुरशी येत नाही!"

"पण बिबड्याला येते ना."

मोईजभाई दुखावून चहा प्यायला गेले. येताना बसस्टँडवरून नवी उपमा घेऊन आले.

"ऐक. अमळनेरला जायचंय. एसटी वेळ झाली की एक पॅसेंजर असला तरी निघते. ही 'कॅश नकोच' पद्धत. शंभर टक्के भरवशाची, पण एकेका माणसासाठी अख्खी बस. काळी-पिवळी जीप, ती भरली की निघते. चार आकडे जमले की एकदम मेमरीत. आणि तिसरी पद्धत, सगळ्यात वेगवान..." ते थोडे घुटमळले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तबस्सुमभाभी.

"हां, निघालो," मोईजभाई खुर्चीत मागे रेलून म्हणाले. "हां हां, रस्त्यातच आहे." फोन ठेवला.

दिपमालाने त्यांच्याकडे पाहिलं. "ही तिसरी का?"

"हीच," मोईजभाई जराही न लाजता म्हणाले. "प्रोसेसर 'पोचलं' म्हणून मोकळा होतो आणि माल अजून खिशात असतो. पण काम कसं पटापट होतं बघ. भाभी खूश, मी खूश. फक्त मधेमधे खिसा झाडून माल खरोखर पोचवायचा. त्याला फ्लश म्हणतात."

दिपमालाने आधी भरवशाची पद्धत लावली. एसटी. एकही आकडा हरवला नाही, पण आकडे दाराशी रांग लावून उभे राहिले. योगराजभाऊ मागे येऊन बघायचे, बैलाला हाकलताना काढतात तसा आवाज काढून निघून जायचे. मग तिने तिसरी, वेगवान पद्धत लावली आणि थोड्या थोड्या वेळाने खिसा झाडायची सोय केली. ड्रायव्हर उडायला लागला.

आता परीक्षा. वीज गेली तर काय होतं? दाराजवळचा मेन स्विच तिने खटकन खाली ओढला. दिवे गेले, पंखा थांबला, पडदा काळा झाला, शेजारच्या खोलीतून बिलांच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी शिव्या घातल्या. स्विच वर केला. सगळे आकडे हजर, क्रमांकसुद्धा. पुन्हा केलं. पुन्हा हजर. दिवाळीपर्यंत तिने तो स्विच इतक्यांदा ओढला, की बिलवाल्यांनी शिव्यांचा पाळीपाळीने वापर सुरू केला. एक आकडा हरवला नाही.

"वा!" मोईजभाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने ती टेबलाला जाऊन टेकली. "बेटा, हे तर हैदराबादलापण नाही जमलं. माझ्याकडून पास!"

दिवाळीनंतर कापूस सुरू झाला आणि योगराजभाऊंसह ती तिघं दोंडाईच्याला गेली.

सुनंदाअक्का नवरा गेल्यापासून जिनिंग एकहाती चालवत होत्या. ठेंगण्या, नाकात चमकी, पदर कमरेला खोचलेला. बोलणं मोजकं. प्रेसवर त्यांचा जुना माणूस चिंधा. यंत्र लागलं, गाठी बांधायला लागल्या, पडद्यावर क्रमांक ओळीने उमटायला लागले. अक्कांनी एकदा मान हलवली. योगराजभाऊंच्या चेहऱ्यावर हसू आलं.

आणि गाठ प्रेसमधून सुटून तिच्यावर क्रमांक उमटला, त्याच क्षणी वीज गेली.

"काही काळजी नाही अक्का," योगराजभाऊ अंधारात म्हणाले. "आपल्या यंत्राला सगळं आठवतं."

वीज आली. यंत्र उठलं. पुढची गाठ सुटली. तिच्यावर आधीच्या गाठीचाच क्रमांक होता.

चिंधाने दोन्ही गाठी शेजारीशेजारी लावल्या आणि कमरेवर हात ठेवून बघितलं. "भाऊ, तुमनं मशीन बठ्ठं ध्यानमा ठेवस," तो योगराजभाऊंना म्हणाला, "फक्त आत्तेनं इसरी जास."

"जुळ्या झाल्या," अक्का म्हणाल्या. "आता यातली खरी कुठली ते व्यापाऱ्याला मी सांगू?"

योगराजभाऊ दिपमालाकडे बघत होते. आणि तिला स्वच्छ दिसत होतं, बिलांच्या सॉफ्टवेअरची ती शेजारची खोली, तिथली खिडकीकडची रिकामी खुर्ची.

तेवढ्यात मोईजभाई मधे उभे राहिले. उभे राहिले म्हणजे दोघांच्या मधला उजेडच बंद झाला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "पोरीने करून दाखवलं, पास मी केलं. बारा वर्षं हैदराबादला हेच केलं अक्का. मी नीट बघितलं नाही. हिने पद्धत निवडली, पण ती बरोबर आहे हे सांगायचं काम माझं. माझ्या वडिलांनी बायकांच्या हातात बांगडी चढवताना कधी ओरखडा पडू दिला नाही, आणि मी—"

"भाऊ, बसा," अक्का म्हणाल्या.

"नाही अक्का, मला बोलू द्या. सत्तार मण्याराचा मुलगा—"

"बसा हो! चिंधा, यांना चहा दे. घाम फुटलाय त्यांना." अक्का योगराजभाऊंकडे वळल्या. "पुढच्या आठवड्यात परत या. तेव्हाही जुळ्या झाल्या, तर यंत्र घेऊन जा."

चहा पिताना दिपमाला खाली बघत होती. तिच्याऐवजी इतक्या मोठ्या आवाजात, इतका वेळ आणि इतक्या आवडीने आजवर कुणीही चूक कबूल केली नव्हती. पुण्याच्या कंपनीत तर चुका नेहमी हवेतून येत आणि सगळ्यात नव्या माणसावर बसत.

परतीच्या पॅसेंजरमध्ये योगराजभाऊ दुसऱ्या डब्यात जाऊन बसले. मोईजभाईंनी शेंगांचा पुडा उघडला.

"एक सांग. ऑफिसात स्विच वर केल्यावर यंत्र उठायला किती वेळ लागायचा?"

"लगेच उठायचं."

"लगेच म्हणजे?"

"म्हणजे... वेळ लागायचाच नाही."

मोईजभाईंचा शेंग फोडणारा हात थांबला. "मेलेलं यंत्र उठायला वेळ लागतो, बेटा. तुला कधी शंका नाही आली?"

"मला वाटलं, माझा ड्रायव्हर वेगवान आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गाडी नरडाण्यात थांबली होती. दोघांनाही एकाच वेळी टेबलाखालचं ते लाल बटणाचं सॉकेट आठवलं. जळगावात माणूस फ्रिजच्या आधी इन्व्हर्टर घेतो. त्यांच्या ऑफिसात वायरमनने टेबलाखालची यच्चयावत सॉकेटं इन्व्हर्टरला जोडून दिली होती आणि त्याबद्दल सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. पडदा मरत होता, पंखा मरत होता. टेबलाखालचं यंत्र इन्व्हर्टरवर सुखाने जगत होतं आणि आपला खिसा आरामात झाडत होतं.

"म्हणजे मी दिवाळीपर्यंत फक्त पंख्याची परीक्षा घेतली," दिपमाला म्हणाली.

"आणि पंखा पास झाला," मोईजभाई म्हणाले. "मीच केला पास." मग ते हसायला लागले. बाकडं हलायला लागलं, समोरच्या म्हातारीने आपली पिशवी आवळून धरली. दिपमालालाही हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यंत्र साध्या सॉकेटवर आलं, आणि मोईजभाईंनी स्वतःची वीज मंडळ म्हणून नेमणूक केली. खुर्ची स्विचबोर्डाला लावून ते वर्तमानपत्र वाचत बसत. चेहरा संतासारखा, आणि पायाचा अंगठा सॉकेटच्या बटणावर. दिपमाला कामात गुंतली की, किंवा क्रमांक उमटणार इतक्यात, खट्.

"मोईजभाई! सांगायचं तरी!"

"वीज कधी सांगून जाते का?"

"आत्ता मुद्दाम केलंत."

"वरून लोड आहे मॅडम. आमच्या हातात काही नाही." आणि पान उलटलं.

त्या अंगठ्याने तिला आधीच्या सगळ्या महिन्यांपेक्षा जास्त शिकवलं. कुठला आकडा कुठल्या क्षणी खिशात अडकतो ते तिला दिसायला लागलं. तिने मेमरीचे दोन भाग केले. मोठ्या भागात सेन्सरचे आकडे, वेगवान पद्धतीने, पण आता घड्याळ बघून खिसा झाडायचा नाही. गाठ पुरी झाली की झाडायचा, आणि सगळं पोचल्याची खात्री होईपर्यंत जागचं हलायचं नाही. त्यानंतरच क्रमांक. तो वेगळ्या छोट्या भागात, आणि त्या भागाला कॅशच नाही.

"एसटी," मोईजभाई समाधानाने म्हणाले. "एका पॅसेंजरची. पण तो पॅसेंजर आमदार आहे."

"सगळ्याच जागेला दोन्ही पद्धती लावल्या तर? पाहिजे तेव्हा ही, पाहिजे तेव्हा ती?"

"एका लग्नात दोन मामा घालशील? प्रोसेसर एकाचं ऐकेल, मेमरी दुसऱ्याचं, आणि नवरदेव भलत्याच मांडवात. एका जागेला एकच पद्धत."

आठवड्याने पुन्हा दोंडाईचा. यंत्र लागलं, गाठी बांधायला लागल्या. सगळे वीज जायची वाट बघत उभे. वीज गेली नाही. दुपार झाली, जेवणं झाली, वीज गेली नाही. योगराजभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा वीज जावी म्हणून आकाशाकडे पाहिलं. चिंधा वीजवाल्यांच्या नावाने म्हणाला, "आज काय झायं यासले?"

सुनंदाअक्का ऑफिसातून उठल्या. कुणाला काही न सांगता मीटरच्या खोलीत गेल्या. प्रेस अर्ध्यावर होता, कापूस दाबला जात होता. खाड्! अख्खं जिनिंग गप्प झालं. अंधारात मजूर ओरडले, आणि मीटरच्या खोलीतून अक्कांचा आवाज आला, "मी आहे!"

दिपमालाने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. शेजारी मोईजभाईंचा श्वास कूलरसारखा चालला होता.

अक्कांनी मेन वर केला. यंत्र उठायला लागलं, सावकाश, वेळ घेत. या वेळी त्या सावकाशीने दिपमालाचा जीव थोडा भांड्यात पडला. मग पडद्यावर अक्षरं आली. शेवटची पुरी गाठ, तिचा क्रमांक, आणि पुढची अर्धवट असल्याचं. चिंधाने प्रेसजवळच्या गाठीवरचा क्रमांक वाचला. तोच.

अक्कांनी पडदा बघितला, गाठ बघितली. "हं," त्या म्हणाल्या. दोंडाईच्यात त्यांचं हे "हं" दुर्मीळ समजलं जातं. मग दिपमालाला म्हणाल्या, "पोरी, घरी जाऊन जेव. सकाळपासून काही खाल्लं नाहीस तू. मी बघत होते."

त्या रविवारी अभिमन आबांनी गावाहून भरताच्या वांग्यांचं अख्खं पोतं पाठवलं. दिपमाला ते घेऊन मोईजभाईंच्या घरी गेली. मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. तुम्ही त्या दिवशी मधे उभे राहिला नसतात तर, वगैरे.

"मोईजभाई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"भाकरीला कळणाचं पीठ आणलंस का?"

"आणलंय. पण मी म्हणत होते..."

"तबस्सुम! कळणाचं पीठपण आणलंय!"

"बोलू द्या तिला," तबस्सुमभाभी आतून म्हणाल्या. "ती आभार मानायला आलीय, आणि तुम्हाला ते ऐकायला लाज वाटतेय. म्हणून पिठाचा गोंधळ."

मोईजभाई कानापर्यंत लाल झाले आणि वांगी निवडायला लागले. दिपमालाने आपलं सगळं म्हणणं त्यांच्या पाठीकडे बघून पूर्ण केलं. ते एकदाही वळले नाहीत, पण एकच वांगं त्यांनी सगळा वेळ हातात फिरवलं. गच्चीवर काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, भरीत झालं. मोईजभाईंनी ते इतकं खाल्लं, की तबस्सुमभाभींना पातेल्यावर झाकण ठेवून त्यावर बसावं लागलं.

दिपमाला मार्चमध्ये कायम झाली. ती मेमरी बनवणाऱ्या कंपनीने पुढच्या वर्षी तिचं उत्पादन बंद केलं, आणि दिपमालाने लिहिलेला तो ड्रायव्हर आता कुठेच वापरात नाही.